स्लॅबमधले चार हूक

खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. फाटकातच उभं करून समोरच्या झाडाकडे बोट दाखवलं.

"हे काय हाय?"

"साग," मी म्हणाले.

"आन् त्ये मागचं, मोरीपाशी?"

मी वाकून घराच्या बोळातून पाहिलं. "तुती."

"डोळं हायेत म्हणायचं. शिकलीस किती?"

"पदवी झालीय. आमच्या घरातली पहिलीच." हे दुसरं वाक्य मी तेव्हा कुणी न विचारता सगळ्यांना सांगायचे.

"बरं, पदवी," ते म्हणाले, "खोली मिळंल. पण सागाला खिळा ठोकायचा न्हाई, दोरी बांधायची न्हाई, बुडाशी साबणाचं पाणी टाकायचं न्हाई. तुतीचं काय बी कर."

त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव पदवी पडलं. तीन वर्षं मी तिथे राहिले आणि माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, याची मला खात्री नाही.

मी जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. तळवड्याच्या आयटी पार्कमधल्या एका लहान कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली होती. लेथच्या शेडींमध्ये दबून बसलेलं हे घर कंपनीपासून चालत वीस मिनिटांवर होतं. वर माझी खोली, खाली काका आणि काकू. त्यांची मुलगी एकच, दापोडीला दिलेली, रविवारी यायची.

काका मूळचे मावळातले सुतार. पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात ते पॅटर्न शॉपला होते. लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात आणि मग त्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. असे नमुने काकांनी उभा जन्म केले, तेही सागाचेच. या कामाची एक खास पट्टी असते. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना मुळातच थोडा मोठा करावा लागतो. तेवढ्यासाठी त्या पट्टीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित लांब असतो. त्या आकसण्याला काका 'घट' म्हणायचे. कारखाना सोडताना त्यांनी ती पट्टी सोबत आणली आणि घरातलं सगळं काही तिनेच मोजलं. त्यामुळे त्या घरात दुरुस्त झालेली प्रत्येक वस्तू कणभर मोठी होती. देवघराची फळी कोनाड्याबाहेर डोकावत असे. माझ्या खोलीचं दार खांद्याने रेटल्याशिवाय लागत नसे.

"काका, दार मोठं झालंय."

"आकसंल," ते शांतपणे म्हणायचे. तीन वर्षांत ते आकसलं नाही.

'घट धरली का?' हा त्यांचा प्रश्न दिवसातून चार वेळा यायचा. मी बस पकडायला निघाले की विचारायचे, म्हणजे हाताशी दहा मिनिटं जास्तीची ठेवली का? काकू भात टाकायला लागल्या की विचारायचे, म्हणजे एखादा पाहुणा आला तर पुरेल का? मुलगी दापोडीहून निघाल्याचा फोन आला तरी तोच प्रश्न. काकू मला हळूच म्हणायच्या, "यांनी लग्नात मंगळसूत्र बी घट धरूनच केलंवतं. गळ्यातून पोटापत्तूर येतंय."

साग त्यांनी घर बांधलं त्याच वर्षी लावला. वन खात्याच्या रोपवाटिकेतून सागाचा खुंट, म्हणजे मूळ आणि वर बोटभर खोड, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणला होता. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा पट्टीने मोजून घेतला. तेव्हापासून रोज सकाळी दोन बादल्या पाणी, वर्षाला दोन वेळा शेणखत. खोडाला कडेने फुटवा आला की पटाशीने तो असा अलगद उडवायचे की साल दुखू नये. कडेच्या फांद्या राहिल्या तर खोडात गाठी धरतात आणि गाठी असलेली फळी म्हणजे नासलेली फळी, असं त्यांचं म्हणणं. खोड सरळ जातंय की नाही ते ओळंबा लावून बघायचे. पावसाळ्यात अळ्यांनी पानांची जाळी केली की शिडीवर चढून चिमट्याने एकेक अळी वेचायचे आणि डब्यात टाकायचे.

माझी आई गावाकडे दुसऱ्याच्या रेशीमशेडमध्ये तुतीचा पाला तोडायला जाते. अळ्यांना दिवसातून किती वेळा पाला घालायचा, किती कोवळा, किती जून, हे तिला बरोबर कळतं. त्या कामावर तिने मला शिकवलं. हे मी सांगितलं तेव्हा काकू सागाखाली उभ्या राहून वर शिडीकडे बघत म्हणाल्या, "ऐका! तिकडं हिची आई अळ्या पोसून लेक शिकवती, आन् आमचं येडं अळ्या वेचाया झाडावर चढतंय."

वरून उत्तर आलं, "त्या तुतीच्या अळ्या. सागाची पत वेगळी."

तुतीची गोष्ट अगदी निराळी होती. ती कुणी लावलीच नव्हती. घर नवं असताना काकूंना कपडे वाळत घालायला दोरी बांधायची होती. सागाला बांधायची सोय नव्हती. शेजारच्या कुंपणाची छाटलेली एक काठी त्यांनी मोरीजवळच्या ओल्या मातीत ठोकली आणि दोरी बांधली. पंधरा दिवसांत त्या काठीला पानं फुटली. ती तुती होती. तिला खड्डा मिळाला नाही, खत मिळालं नाही. धुण्याभांड्याचं पाणी पीत ती वाढली. दर वर्षी काकू कोयत्याने तिला गुडघ्यापर्यंत छाटायच्या आणि ती पुन्हा माणूसभर व्हायची. पुढे हात पुरेना तशी एक फांदी त्यांनी राहू दिली, ती वर गेली आणि मोठी झाली. पाला शेजारच्या शेळीला. फळं गल्लीतल्या पोरांना. फळांच्या दिवसांत काकूंचे तळपाय महिनाभर जांभळे असायचे.

"झाड हाय का त्ये?" काका म्हणायचे. "काठी ठोकली तरी उगवतंय. ज्याला लाज न्हाई त्येला झाड म्हणत्यात व्हय?"

"देतंय ना पर?" काकू म्हणायच्या. "तुमच्या सागानं आजवर काय दिलं? फाल्गुनात पानं. थाळ्याएवढी एकेक. झाडून झाडून माझी कंबर गेली."

"साग द्यायला वेळ घेतो. एकदा दिलं की तीन पिढ्या ऱ्हातं. वाळवी लागत न्हाई, पाण्यात कुजत न्हाई, वाकत न्हाई."

"तोवर घेणारं माणूस ऱ्हाया पायजे का नगं?"

मी आईला फोनवर हे भांडण सांगायचे. आई हसायची. "सागाचं मला काई ठाऊक न्हाई बाई. तुती मातर छाटली की फुटतीच. तिला काय हुतंय?"

आता त्या झोपाळ्याबद्दल. घराचा स्लॅब टाकला तेव्हा काकांनी ओसरीच्या छतात चार लोखंडी हूक घालून घेतले होते. काकूंनी लग्नानंतर एकच गोष्ट मागितली होती, एक झोपाळा. काका म्हणाले होते, आपल्या सागाचा करीन. बाजारातला साग आणायला ते तयार नव्हते. "त्येचा बाप कोण, त्येला पाणी कुणी घातलं, काय म्हाईत?" असं तोंडाने म्हणायचे. खरं कारण मला काकूंनी सांगितलं. कारखान्यात लाकडी नमुने जाऊन धातूचे आले, तेव्हा गोदामातले जुने नमुने जळणाच्या भावाने गेले. काकांनी घडवलेली चाकं, पंपाची पोटं, झाकणं, सगळं टेम्पोत ढिगाने पडलं होतं. काका फाटकावर उभे राहून बघत होते. त्यांनी टेम्पोवाल्याकडून एकच नमुना मागून घेतला, लाल रंगाचं एक चाक. काकू त्याच्यावर पाण्याचा माठ ठेवायच्या. "त्या दिवसापास्नं म्हणाय लागले," काकू म्हणाल्या, "की एक तरी वस्तू अशी करायची की जी कुणी जाळणार न्हाई."

तोवर ते चार हूक रिकामे होते. म्हणजे अगदी रिकामे नव्हते. एकाला लसणाची जुडी असे, एकाला दिवाळीत आकाशकंदील. त्यांच्या बरोबर खाली प्लॅस्टिकचं स्टूल टाकून काकू संध्याकाळी बसायच्या.

खंडेनवमीला काका हत्यारं मांडायचे. रंधे, पटाश्या, करवत, सगळ्यांना तेलपाणी, हळदकुंकू, झेंडू. मधोमध ती पट्टी. पूजा झाली की सुतळी घेऊन सागाचा घेर मोजायचे, छातीच्या उंचीवर. जिथे सुतळी मिळे तिथे गाठ मारून ती कापायचे आणि खिळ्याला अडकवायचे. खिळ्यावर एकोणीस सुतळ्या होत्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा लांब.

"यंदा तरी बसतंय का माझं बूड झोपाळ्यावर?" काकू विचारायच्या.

"अजून दोन वरीस. घट धरायची हाय."

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी खंडेनवमी झाली आणि त्यानंतरच्या थंडीत काकूंना धाप लागायला लागली. पावलं सुजायची. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी काकूंना बाहेर बसवलं आणि आम्हाला सांगितलं की हृदय थकलंय, गोळ्या चालू ठेवा, जपा. काकांनी विचारलं, "किती दिस?" डॉक्टर म्हणाले, असं सांगता येत नाही. काका पुन्हा म्हणाले, "घट धरून सांगा की." डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

एका संध्याकाळी मी काकूंच्या पावलांना तेल लावत होते. त्या म्हणाल्या, "मला काय झोपाळ्याची लई हौस न्हाई बाळा. पर ह्या पायांस्नी जमीन टोचती आता. एकदा बसावं आन् पाय टेकू नयेत, एवढंच वाटतं."

हे मी काकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सागाला पाणी घातलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पदवी, अर्ज लिही. झाड तोडायचं हाय."

"पण लाकूड वाळायला वर्ष लागतं, असं तुम्हीच सांगता."

"ओल्याचाच करीन. वाकला तर वाकू दे."

ज्या माणसाने ओल्या लाकडाला कधी रंधा लावला नव्हता, त्याच्या तोंडचं ते वाक्य ऐकून मला काय चाललंय ते कळलं.

शहरात झाड तोडायला परवानगी लागते. अर्जात 'तोडण्याचे कारण' असा रकाना होता. काका म्हणाले, "लिही, बायकोला झोपाळा." मी तसंच लिहिलं, सुवाच्य अक्षरात. कचेरीतल्या कारकुनाने ते वाचलं, हसला नाही. चांगला माणूस होता. म्हणाला, "काका, झोपाळा या रकान्यात बसत नाही. धोकादायक लिहा. झाड घरावर झुकलंय म्हणून लिहा."

"झुकलंय?" काकांचा आवाज चढला. "एकोणीस वरीस ओळंबा लावून वाढवलंय त्येला. या बघाया. सूतभर जरी कललं असंल तर माझी मिशी काढा!"

कारकून मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही तरी समजवा."

मी समजावलं नाही. उलट म्हणाले, "खरं कारण लिहिलंय ना, मग राहू द्या." शाळेत, कॉलेजात, सगळीकडे मी खरं लिहूनच इथवर आले होते. खरा अर्ज नाकारला जाईल हे माझ्या मनात आलंच नाही. अर्ज परत यायला पाच आठवडे गेले. ते पाच आठवडे माझे आहेत. त्यांचा विचार मी अजून करते.

शेवटी मुलगी दापोडीहून आली. तिने वडिलांना न विचारता दुसरा अर्ज भरला आणि कारण लिहिलं, 'बुंध्याला आतून कूज लागलेली आहे, झाड पडण्याची भीती.' काकांना कळलं तेव्हा ते तिच्याशी बोलेनासे झाले. "आईसाठी लिहिलं ना मी, आबा," ती म्हणाली. ते पाठ फिरवून बसले आणि भिंतीला म्हणाले, "त्या झाडाची बदनामी केली." पाहणीला माणूस आला, त्याने बुंध्यावर वाजवून पाहिलं, थोडा वेळ कान लावला आणि सही केली. काकांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

साग तोडला त्या दिवशी मी रजा घेतली होती. दोन मजूर आले होते. पण पहिला घाव काकांनीच घातला. झाड दोरांवर हळूहळू आडवं केलं. काका बुंध्यापाशी गेले आणि तिथेच उकिडवे बसले.

कापलेल्या बुंध्याच्या मधोमध काळा भुसा होता. त्यात बोट घातलं तर आत जात होतं. त्याभोवती वाटीच्या काठाएवढी गाभ्याची कड, सोनेरी, खऱ्या सागाची. बाकी सगळं पांढरं, कच्चं लाकूड. एक मजूर दुसऱ्याला म्हणाला, "पाणी लई झालंय राव. सागाला पायाशी पाणी सोसत न्हाई. लहानपणी घालावं, मग सोडून द्यावं." तो वाईट हेतूने बोलला नव्हता.

एकोणीस वर्षं रोज दोन बादल्या. सुतळी बाहेरून मोजत होती.

मुलीने खोटं म्हणून लिहिलेलं खरं निघालं होतं, आणि तीही तिथे उभी होती. तोंडाला पदर लावून आत गेली.

काकू भिंतीला धरत बाहेर आल्या. बुंधा पाहिला. मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पोकळ निघाला व्हय? जाऊ द्या. माझ्यावानी झालं. भाइरनं सुजल्यालं, आत काय न्हाई."

काका तेव्हा रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

थोड्या वेळाने काकूच म्हणाल्या, "त्या मोरीमागचं लाकूड बघा की."

दोन वर्षांपूर्वी तुतीची ती मोठी फांदी विजेच्या तारांना लागत होती म्हणून वीजवाल्यांनी बुडातून तोडली होती. त्या ओंडक्याला कुणी उचललं नव्हतं. मोरीमागे पत्र्याखाली, दोन विटांवर तो पडून होता. काकू त्यावर घासलेली भांडी पालथी घालायच्या. भांडी घालता घालता तो दोन वर्षं सावलीत वाळला होता, अगदी काका लाकूड वाळवतात तसा. काकांनी करवतीने त्याची एक चकती काढली आणि उन्हात नेली. आतलं लाकूड हळदीसारखं पिवळं होतं. एक गाठ नाही, एक चीर नाही. त्यांनी नखाने दाबून पाहिलं, वास घेतला, कानाशी धरून टिचकी मारली.

"घट्ट हाय," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "हॉकीच्या काठ्या करत्यात ह्येच्या. वाकती, मोडत न्हाई. ठावं व्हतं मला." आणि पुन्हा एकदा, हळू आवाजात, "ठावं व्हतं."

वखारीत नेऊन त्यांनी फळ्या चिरून आणल्या. चार फळ्या जोडून एक पाट करायचा होता. आठवडाभर ओसरीत रंधा चालू होता. काकू स्टुलावर बसून बघायच्या. पिवळा भुगा त्यांच्या पायांवर उडायचा, त्या झटकायच्या नाहीत. काकांनी त्यांच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत त्या पट्टीने माप घेतलं. मी पिंपरी कॅम्पातून पितळी मुलाम्याच्या साखळ्या आणल्या. कंपनीतून लवकर निघून, बस बदलून, जड पिशवी घेऊन मी आले तेव्हा काकू म्हणाल्या, "बाळा, तुझ्या आईला बी एकदा बोलाव. दोघी बसू. तिला म्हणावं, तुझ्या अळ्यांचं झाड हाय."

त्या सात-आठ दिवसांत ते घर जितकं हसलं तितकं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

पाट तयार झाला. काकांनी पॉलिशचा पहिला कोट दिला. दुसऱ्या दिवशी दुसरा. त्या लाकडावर असा रंग चढला की शेजारची शेडवाली माणसं बघायला आली.

"अहो, आता टांगा की," काकू म्हणाल्या.

"अजून एक कोट ऱ्हायलाय. उद्या वाळू दे, परवा शेवटचा. मग बस."

"मला बसायचं हाय. लगीन न्हाई लावायचं त्येचं."

"कच्चं काम मी दिलंय का कधी? तीन कोट म्हंजी तीन."

मी तिथेच उभी होते. मला वाटलं, बोलावं. मग वाटलं, इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला दोन दिवसांचं काय? आणि काकूसुद्धा हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कामावर निघत असताना, काकू त्या हुकांखालच्या स्टुलावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "डबा घेतलास का?" मी हो म्हणाले. त्यांनी भिंतीला डोकं टेकलं. मला वाटलं, दमल्यात. फाटकापर्यंत गेले आणि काकांची हाक ऐकू आली. रिक्षातून आम्ही पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. वाटेत काका त्यांचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन बसले होते, जमिनीला टेकू न देता. दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता.

तेराव्याचे पाहुणे गेल्यावर काका ओसरीत आले. पाट भिंतीला टेकवून ठेवलेला होता.

"पदवी," ते म्हणाले, "समद्याची घट धरली गं मी. लोखंडाची धरली, पितळंची धरली. बसची धरली, भाताची धरली. हिचीच ऱ्हायली."

मग शिडी मागितली. मी शिडी धरली, त्यांनी लसणाची जुडी काढली, साखळ्या अडकवल्या, पाट टांगला. पाणसळ लावून पाहिला. एक सूतही कलता नव्हता.

"बस."

"काका, मी कशी..."

"बस म्हंतो ना. हिच्याएवढीच हायेस उंचीला."

मी बसले. ते खाली फरशीवर बसून माझ्या टाचांकडे बघत होते.

"पाय टेकतात का?"

"नाही टेकत, काका."

"बरं," ते म्हणाले, आणि आत गेले.

तिसरा कोट त्यांनी दिला नाही. पॉलिशचा डबा मोरीच्या फळीवर तसाच राहिला आणि आत घट्ट झाला. नंतरच्या वर्षभरात मी त्यांना त्या झोपाळ्यावर बसलेलं पाहिलं नाही. संध्याकाळी ते काकूंच्या, आता कडेला सरकवलेल्या स्टुलाशेजारी खाली फरशीवर बसायचे आणि रिकामा पाट एका हाताने हळूहळू हलवायचे. लेथ बंद झालेले असायचे. साखळ्यांचा बारीक आवाज यायचा. मुलगी आली की तिच्याशी आता बोलायचे. एकदा मी ऐकलं, "तू खरं लिवलंवतंस. माझंच चुकलं." मुलगी म्हणाली, "मला कुठं ठाऊक होतं, आबा."

पावसाळ्यात सागाच्या खुंटाला कडेकडेने कोंब फुटले, पाच-सहा. पूर्वी त्यांनी एक ठेवून बाकीचे पटाशीने उडवले असते. मी आठवण केली.

"ऱ्हाऊ दे समदे," ते म्हणाले. "पाणी बी नगं घालू."

मला चाकणला एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा सामान भरायला तेच आले. दार खांद्याने रेटून बंद केलं. निघताना त्यांनी मोरीमागे जाऊन तुतीची हातभर कांडी कापून आणली, ओल्या गोणपाटात गुंडाळली. साग आणला होता तशी.

"खोच कुटं बी. इचारायचं न्हाई त्येला काय." मग सवयीने म्हणाले, "घट धरली का?"

"धरली," मी म्हणाले आणि त्यांच्या पाया पडले. माझ्या घरात वडीलधाऱ्या शिकलेल्या माणसांच्या पाया पडायची रीत होती. हे सातवी शिकलेले होते. त्यांच्याकडून मी काय शिकले ते मला अजून नीट सांगता येत नाही.

ती कांडी चाकणच्या भाड्याच्या घरात, गॅलरीतल्या तेलाच्या डब्यात लागली. आई आली तेव्हा तिने पहिला हात पानाला लावला. "जून होऊ देऊ नको," म्हणाली.

यंदा काकांच्या मुलीचा फोन आला. काका गेले होते. झोपेत, त्रास न होता. मी दहाव्याला गेले. ओसरीत माणसं सतरंजीवर बसली होती, झोपाळा साखळ्या गुंडाळून वर बांधून ठेवला होता. सगळे उठल्यावर मुलीने तो खाली सोडला आणि माझ्याजवळ आली.

"ताई, हा मी दापोडीला नेणार आहे. आईसाठी केलेला आहे. त्याआधी याला पॉलिश करून घेऊ का? आबा नेहमी म्हणायचे, एक कोट राहिलाय."

मी पाट पाहिला. पिवळा रंग आता मधासारखा झाला होता. सगळीकडे दोन कोटांची मंद चकाकी. फक्त डाव्या कडेला, स्टुलाच्या बाजूला, टीचभर जागा वेगळी होती. तिथे पॉलिश उरलं नव्हतं. पण ती जागा इतकी गुळगुळीत झाली होती की तिच्यात ओसरीचा उजेड दिसत होता. मी तिथे हात ठेवला. फरशीवर बसलेल्या माणसाचा तळहात जिथे पोचेल, तेवढीच ती जागा होती.

"नको," मी म्हणाले. "झालाय तो."